कारखान्यातील रात्रपाळी आणि स्त्रिया : संमतीपत्रात नेमके काय असावे?

मीनल_चाकण

मी चाकण औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते आणि तिथल्या कामगार समितीची सदस्य आहे. आमच्याकडे आजवर स्त्रियांना फक्त पहिली पाळी मिळत असे. आता दुसरी (दुपार ते रात्र) आणि तिसरी (रात्रभराची) पाळीही आमच्यासाठी खुली करण्याचे व्यवस्थापनाने ठरवले असून त्यासाठी एक संमतीपत्र सगळ्यांना वाटले आहे. त्यात मजकूर एका वाक्याचा आहे : 'मी स्वखुशीने कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार आहे.' खाली सहीची जागा आहे.

मी स्वतः या बदलाच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण स्पष्ट सांगते. आमच्याकडे लाइन लीडर, म्हणजे उत्पादनाच्या एका लाइनची प्रमुख, व्हायचे असेल तर तिन्ही पाळ्यांचा अनुभव लागतो. स्त्रियांना तिसरी पाळी नाही, म्हणून तो अनुभव नाही, म्हणून बढती नाही. माझ्याबरोबर लागलेले पुरुष सहकारी सुपरवायझर झाले आणि त्यांना काम शिकवणाऱ्या बायका अजून ऑपरेटरच आहेत. रात्रपाळीचा भत्ताही आम्हाला कधी मिळाला नाही.

तरीही या एका वाक्याखाली सही करताना माझ्या सहकारी बायकांचे हात थांबले आहेत. जिने सही केली नाही तिचे काय होणार? जिने केली पण पुढे घरी आजारपण आले, तिला परत दिवसपाळी मिळेल का? बस दारापर्यंत येणार की महामार्गावर सोडणार? समितीने या अटी लेखी मागायचे ठरवले आहे. ज्यांनी रात्रपाळी केली आहे, करवून घेतली आहे किंवा त्यावर काम केले आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

तळेगावकर

मीनलताई, विषय अत्यंत गरजेचा आहे. माझ्या बायकोच्या कंपनीतही हीच चर्चा चालू असल्यामुळे मी हा धागा बारकाईने वाचणार आहे.

वकील_शिवाजीनगर

आधी कायद्याची बाजू मांडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कामावर ठेवता येत असे. राज्य सरकारला या वेळा थोड्या सरकवण्याची मुभा होती, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत स्त्रियांना काम देण्याची परवानगी तेही देऊ शकत नव्हते. येथे एक गोष्ट सहज निसटते. मर्यादा संध्याकाळी ७ ची असल्यामुळे या कलमाने तिसऱ्या पाळीबरोबर दुसरी पाळीही स्त्रियांना बंद केली होती.

डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे बंधन घटनेतील समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले आणि त्याच वेळी सुरक्षेच्या अटीही सांगितल्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून अटींसह रात्रपाळीला वाट दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ४३ नुसार स्त्रिया सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांसाठी, संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वीही काम करू शकतात. मात्र त्यासाठी त्यांची संमती आवश्यक आहे आणि सुरक्षा, सुट्ट्या व कामाचे तास यांविषयीच्या अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

म्हणजे संमती हा या तरतुदीचा पाया आहे. 'कोणत्याही पाळीत' असे मोघम लिहून घेणे आणि अटींबद्दल एक अक्षरही न लिहिणे ही संमती अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

सिस्टर_नाशिक

मी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून रात्रपाळी करत आले आहे. बायकांनी रात्री काम करावे की नाही ही चर्चा ऐकली की मला मनापासून वाईट वाटते, कारण आमच्याबद्दल हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. रुग्णाची सेवा हे बायकांचे काम मानले गेले, म्हणून रात्र आडवी आली नाही. जिथे यंत्र चालवायचे होते, बढती होती आणि भत्ता होता, तिथे मात्र बाईच्या अब्रूची काळजी सुरू झाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका स्त्री डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते सर्वांना माहीत आहे. ती डॉक्टर कामावर होती आणि विश्रांतीसाठी वेगळी सुरक्षित खोली नसल्यामुळे सभागृहात आडवी झाली होती. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने काढलेल्या सूचनांमध्ये स्त्री डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सरकारला सुनावले की संरक्षण देणे हे तुमचे काम आहे, स्त्रियांनी रात्री काम करू नये असे तुम्ही म्हणू शकत नाही.

मीनलताई, तुम्ही बसबद्दल लिहिले आहे. माझी विनंती आहे की विश्रांतीची खोली आणि शौचालयही तितक्याच आग्रहाने मागा. खोलीला आतून कडी हवी, शौचालयाच्या वाटेवर दिवा हवा आणि लाइनवरून उठता यावे म्हणून बदली माणूस हवा. बदली माणूस नसतो तिथे बायका रात्रभर पाणी पीत नाहीत आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडून आमच्याकडे येतात.

अनंत_राजगुरुनगर

माझे मत वेगळे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. मी स्वतः अनेक वर्षे तिसरी पाळी केली आहे. झोप मोडते, पोट बिघडते, माणूस चिडचिडा होतो. पुरुष सकाळी घरी येऊन झोपतो तरी. बाई सकाळी घरी आली की तिच्यासमोर डबे, मुलांची शाळा आणि सासूसासऱ्यांचा चहा उभा राहतो. ती झोपणार कधी? शिवाय २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओमधील (कॉल सेंटरसारख्या कंपनीतील) तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते आम्ही विसरलेलो नाही. ती कंपनीने ठरवलेल्या गाडीत बसली होती आणि त्या गाडीचा चालकच गुन्हेगार निघाला. जो बदल स्त्रीच्या अंगावर दुप्पट ओझे टाकतो त्याला समानता म्हणायला माझे मन तयार होत नाही.

मीनल_चाकण

अनंतदादा, तुम्ही लिहिलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण सकाळी घरी आल्यावर तिच्यासमोर जे उभे राहते ते रात्रपाळीने निर्माण केलेले नाही. आज पहिल्या पाळीला येणाऱ्या आमच्या बायका पहाटे चारला उठून स्वयंपाक करूनच बस पकडतात. ते ओझे तसेच ठेवायचे आणि त्याचेच कारण सांगून तिची बढती रोखायची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

लालबागची_नात

माझी आजी परळच्या एका गिरणीत रिळिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती. तिच्याकडून ऐकलेले आणि पुढे मी स्वतः वाचलेले येथे सांगावेसे वाटते, कारण आज आपण जे बोलतो आहोत ते गिरणगावात एकदा घडून गेले आहे.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंगमध्ये असत आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. पुढे गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांत चालू लागल्या. स्त्रियांना रात्री काम देण्यावर बंदी होती. १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेतच तसा करार झाला होता आणि भारताने तो स्वीकारला होता. मालकाच्या दृष्टीने जो कामगार तिन्ही पाळ्यांत फिरवता येत नाही तो अडचणीचा ठरला. त्यातच हाताने चालणाऱ्या खात्यांत नवी यंत्रे आली आणि प्रसूती रजेचा खर्चही मालकांना नको होता. निवृत्त झालेल्या बाईच्या जागी बाई घेतली गेली नाही आणि काही दशकांत गिरण्यांतल्या स्त्रिया मोजक्याच उरल्या. १९८२ च्या संपाच्या किती तरी आधी स्त्रियांची गिरणी संपली होती.

त्या बायका घरी बसल्या असे मात्र झाले नाही. कोणी खानावळ चालवली, कोणी भाजी विकली, कोणी घरकाम धरले. त्या कामांना रात्रीची बंदी नव्हती, तासांची मर्यादा नव्हती आणि भविष्यनिर्वाह निधीही नव्हता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. संरक्षणासाठी म्हणून केलेल्या बंदीने स्त्रियांना संघटित, पगारी कामातून बाहेर काढून असंरक्षित कामात ढकलले. म्हणून अनंतरावांची काळजी मनापासून मान्य करूनही बंदी हा त्यावरचा उपाय आहे असे मला वाटत नाही.

वकील_शिवाजीनगर

लालबागची_नात यांच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट. जुन्या कलम ६६ मध्ये रात्रीच्या बंदीला एक अपवाद होता : मासे खारवणारे आणि डबाबंद करणारे कारखाने. कच्चा माल खराब होऊ नये म्हणून तिथे राज्य सरकार सवलत देऊ शकत असे. मासळी नासू नये यासाठी स्त्रीला रात्री कामावर ठेवणे चालत होते आणि तिला लाइन लीडर होता यावे यासाठी मात्र चालत नव्हते. या कायद्यामागे कोणाचे हित होते, याचा विचार सर्वांनी करावा.

रत्नागिरीची_मी

मासळी कारखान्याचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. आमच्या मिरकरवाड्याकडच्या बायका कोळंबी सोलायला बसतात तेव्हा घड्याळाला काही अर्थ नसतो. माल आला की बोलावणे येते. त्यांच्या रात्रपाळीसाठी कोणी संमतीपत्र छापल्याचे मी पाहिलेले नाही.

एचआर_भोसरी

मी व्यवस्थापनाच्या बाजूने बोलणारा येथे एकटाच दिसतो, तरीही लिहितो. स्त्रियांसाठी रात्रपाळी सुरू करणे म्हणजे स्वतंत्र वाहतूक, सुरक्षा रक्षक, स्त्री पर्यवेक्षक, कॅमेरे आणि विश्रांतिगृह. मोठ्या कारखान्यांना हे परवडते. शे-दीडशे कामगारांच्या लहान उद्योगाला पंधरा स्त्रियांसाठी एवढी सोय करणे जड जाते आणि मग तो मालक स्त्रियांची भरतीच टाळतो. अटींची यादी वाढवताना याचाही विचार व्हावा, कारण खर्चामुळे भरती थांबली तर गिरणगावातले चित्र पुन्हा दिसेल.

त्याच वेळी माझ्या अनुभवातील चांगली बाजूही नोंदवतो. आम्ही स्त्रियांना दुसरी पाळी दिली तेव्हा आधी त्यांच्याबरोबर बसून बसचे मार्ग आखले. कोणतीही स्त्री बसमध्ये सर्वांत आधी चढणार नाही आणि सर्वांत शेवटी उतरणार नाही, हा नियम त्यांनीच सुचवला. सुरक्षा रक्षक शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. गैरहजेरी वाढेल अशी आमच्या संचालकांना भीती होती, पण ती खरी ठरली नाही.

सिस्टर_नाशिक

एचआर_भोसरी, आपण खर्चाबद्दल मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. पण आपल्या यादीत दिवे, कॅमेरे, वाहतूक आणि विश्रांतीची खोली आहे, त्यातले पुरुष कामगारांना काय नको आहे? पहाटे तीनला थकलेल्या डोळ्यांनी दुचाकीवरून महामार्गाने घरी जाणारी तरुण मुले आमच्या अपघात विभागात येतात. ही सोय केवळ स्त्रियांच्या खात्यावर लिहिली की स्त्री महाग दिसते.

लालबागची_नात

सिस्टरांशी पूर्ण सहमत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हाही खर्चाचा हाच आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले. हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा हे त्यांनी मान्य केले, पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यांनी जबाबदारीतून मोकळे केले नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. लहान उद्योगांसाठी औद्योगिक वसाहतीने एकत्रित बससेवा चालवावी ही मागणी आजही त्याच धर्तीवर करता येईल.

श्टुटगार्टहून_सुहास

मी जर्मनीत वाहन उद्योगात उत्पादन नियोजनाचे काम करतो. येथेही कामगार स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती. कार्यालयीन कर्मचारी स्त्रियांना मात्र ती लागू नव्हती. २८ जानेवारी १९९२ रोजी येथील घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि त्या निकालातील विचार अनंतरावांच्या प्रश्नाला थेट उत्तर देणारा आहे. न्यायालयाने म्हटले की रात्रीचे काम सर्वच माणसांच्या आरोग्याला घातक आहे, म्हणून संरक्षण सर्वांनाच दिले पाहिजे. घरकाम आणि मुलांचा भार हा स्त्री असण्याचा गुणधर्म नाही आणि रस्त्यावरच्या धोक्यापासून संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य असून त्यासाठी स्त्रियांना कामापासून दूर ठेवता येणार नाही.

त्यानंतर १९९४ मध्ये कामाच्या तासांचा नवा कायदा आला. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक कामगाराला दर तीन वर्षांनी आणि पन्नाशीनंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे. ज्याच्या घरी बारा वर्षांखालील मूल आहे आणि त्याला सांभाळणारे घरात दुसरे कोणी नाही, किंवा ज्याच्यावर गंभीर परावलंबी आप्ताची जबाबदारी आहे, तो दिवसपाळी मागू शकतो. हा हक्क बापालाही आहे, हे मला यातले सर्वांत मोलाचे वाटते. आमच्या विभागात एका सहकाऱ्याने मुलीसाठी तो वापरला आणि त्याच्या बढतीवर काहीही परिणाम झाला नाही.

आरोग्याचा धोका खरोखर गंभीर आहे, हेही नोंदवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणारे पाळ्यांचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाबाबत तो निष्कर्ष कायम ठेवला.

अनंत_राजगुरुनगर

सुहास, बापालाही दिवसपाळीचा हक्क ही गोष्ट मला मनापासून पटली. माझी मुलगी लहान असताना असा हक्क मला मिळाला असता तर मी तो नक्की घेतला असता. स्त्रियांना बंदी असावी असे माझे म्हणणे नाही. परंतु घरातला पुरुष सकाळचा डबा करायला शिकल्याशिवाय ही संधी स्त्रीला खऱ्या अर्थाने मिळणार नाही, यावर मी ठाम आहे. मीनलताई, तुमच्या समितीने पुरुष कामगारांच्या सभेतही हा विषय घ्यावा.

कंत्राटी_कामगार

मी मीनलताईंच्याच परिसरात ठेकेदारामार्फत काम करते. आम्हाला कोणीही संमतीपत्र दिलेले नाही. आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझरचा फोन येतो आणि उद्यापासून सेकंड शिफ्ट असे सांगितले जाते. नाही म्हटले तर परवापासून येऊ नको असे उत्तर मिळते. कायम कामगारांसाठी पिवळी बस आहे. आम्ही रात्री साडेअकराला सहा आसनी रिक्षा शोधतो. कंपनीच्या आवारात आमची संख्या कायम बायकांपेक्षा जास्त आहे. ताई, तुमच्या समितीच्या अटींमध्ये आम्ही येतो का?

मीनल_चाकण

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण आमच्या मसुद्यात 'कायम महिला कर्मचारी' असेच शब्द होते. काल समितीच्या बैठकीत हा विषय मांडला. दोन सदस्यांचे म्हणणे पडले की ठेकेदाराच्या कामगारांचा विषय घेतला तर व्यवस्थापन सगळ्याच अटी फेटाळेल. मी त्याला विरोध केला आणि बहुमताने 'आवारात काम करणारी प्रत्येक स्त्री' असा बदल मंजूर झाला.

वकील_शिवाजीनगर

हा बदल योग्य आहे आणि त्याला कायद्याचा आधारही आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली स्त्रीही कर्मचारी मानली जाते आणि मालकाने पुरवलेले वाहन हेही कामाचे ठिकाण मानले जाते. म्हणजे बसमध्ये काही घडले तरी या कायद्याखालील अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार करता येते. त्या समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक बसमध्येही लावायला सांगा आणि निदान एक सदस्य तिसऱ्या पाळीत उपलब्ध असावी अशी अट घाला. बहुतेक ठिकाणी समितीचे सर्व सदस्य सायंकाळी सहाला घरी जातात.

तळेगावकर

पाळणाघराचा मुद्दा अजून कोणीच घेतलेला नाही. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे, पण माझ्या बायकोच्या कंपनीतले पाळणाघर संध्याकाळी बंद होते. दुसऱ्या पाळीतल्या आईने बाळ कुठे ठेवायचे? निदान दुसऱ्या पाळीपर्यंत ते चालू ठेवावे आणि पुरुष कामगारांनाही आपले मूल तिथे ठेवता यावे, असे लेखी घ्या.

मीनल_चाकण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसादांच्या आधारे आम्ही एका वाक्याच्या जागी नवा मसुदा लिहिला आहे. त्यात सही करणारी स्त्री दुसरी आणि तिसरी पाळी यांसाठी स्वतंत्र संमती देईल. सही न केल्यामुळे दिवसपाळीतील नोकरी, वेतनवाढ किंवा ओव्हरटाइम यांवर परिणाम होणार नाही आणि लाइन लीडरच्या निवडीत स्त्रियांची आजवरची वर्षे, तिसऱ्या पाळीचा अनुभव नसला तरी, पूर्ण धरली जातील. हे शेवटचे वाक्य आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण दार बंद ठेवणारा कारखाना होता आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. बस दारापर्यंत, आवारातील प्रत्येक स्त्रीसाठी. बदली माणूस, आतून कडी असलेली खोली आणि दुसऱ्या पाळीपर्यंत पाळणाघर हेही घेतले आहे. लहान मूल किंवा आजारी माणूस घरी असल्यास दिवसपाळी मागण्याचा हक्क स्त्री आणि पुरुष दोघांनाही असावा, असेही लिहिले आहे.

वकील_शिवाजीनगर

मसुदा उत्तम आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. संमती मागे घेण्याचा हक्क स्वतंत्र परिच्छेदात लिहा आणि त्यासाठी कारण देणे बंधनकारक ठेवू नका. सूचना दिल्यापासून किती दिवसांत दिवसपाळी मिळेल तो आकडा मसुद्यातच घाला, नाहीतर अर्ज टेबलावर पडून राहतो. दुसरे, दिवसपाळीतून रात्रपाळीत किंवा उलट बदल होताना दोन पाळ्यांमध्ये किमान सलग १२ तासांची विश्रांती मागा. मद्रास उच्च न्यायालयाने २००० च्या निकालात ही अट घातली होती, त्यामुळे व्यवस्थापनाला ती अवास्तव म्हणता येणार नाही.

कंत्राटी_कामगार

मीनलताई, आमच्या ठेकेदाराकडे मराठी वाचू न शकणाऱ्या बिहार आणि ओडिशाच्या मुलीही आहेत. मसुदा हिंदीतही छापा आणि सही घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवला जाईल असे त्यात लिहा. त्यांच्यातल्या दोघी समितीला भेटायला तयार आहेत. पहिली पाळी सुटल्यावर कॅन्टीनजवळ आणू का?

मीनल_चाकण

जरूर आणा. मी साडेतीनला तिथे थांबते, हिंदी मसुदाही बरोबर आणते.